इडियट, जड आणि खुळा

मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात आमच्या उचगावात, गल्लीच्या तोंडाशी, एक कोपरासभा झाली. पाच-पन्नास खुर्च्या, एक हॅलोजन आणि बोलायला शहरातून आणलेला एक शिकलेला तरुण. मतदानाचे महत्त्व सांगता सांगता तो म्हणाला, ‘‘लोकशाहीचा जन्म ग्रीसमध्ये झाला. तिथे जो राजकारणात भाग घेत नसे, मत देत नसे, त्याला एक खास शब्द होता. इडियट!’’ टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेले सत्तरीतले गृहस्थ तंबाखू मळता मळता हळूच म्हणाले, ‘‘म्हंजी खुळं म्हणा की.’’

ही दोन्ही वाक्ये मी घरी घेऊन आलो. पहिले बरोबर नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते. दुसरे बरोबर आहे की नाही, हे ठरवताना मात्र कोश झाले, धर्मशास्त्र झाले, फेरफाराचे उतारे झाले, आणि शेवटी आमच्याच भावकीतल्या एका माणसापाशी येऊन थांबावे लागले.

आधी पहिल्या वाक्याचा निकाल लावू. ग्रीक भाषेत ‘इदिओस’ म्हणजे स्वतःचा, खासगी. त्यावरून ‘इदिओतेस’ म्हणजे खासगी माणूस. हा शब्द नेहमी कोणाच्या तरी तुलनेत वापरला जाई. अधिकारपदावर असलेल्याच्या तुलनेत साधा नागरिक तो इदिओतेस. वैद्याच्या तुलनेत वैद्यक न शिकलेला तो इदिओतेस. त्यात अक्कल कमी असल्याचा आरोप नव्हता आणि शिवीही नव्हती. अथेन्सच्या न्यायसभेत उभा राहून एखादा माणूस स्वतःलाच इदिओतेस म्हणवून घेई, ‘मी आपला साधा माणूस, मला मुरलेल्या वक्त्यांसारखे बोलता येत नाही’ या अर्थाने. आपल्याकडे भाषणाच्या सुरुवातीला ‘मी काही वक्ता नाही’ म्हणतात, त्यातलाच प्रकार. आणि त्याच्यापुढे तास-तास बोलणेही तसेच.

राजकारणापासून दूर राहणाऱ्याबद्दल अथेन्सचे मत कठोर होते, हे खरे. थ्युसिडिडीसने पेरिक्लीसच्या तोंडी घातलेल्या सुप्रसिद्ध अंत्यभाषणात असे विधान आहे की, जो सार्वजनिक कामात लक्ष घालत नाही त्याला आम्ही शांत माणूस मानत नाही, निरुपयोगी मानतो. पण तिथे योजलेला शब्द ‘आख्रेइओस’ आहे, बिनकामाचा, ‘इदिओतेस’ नव्हे. आणि सभेला न येता बाजारात रेंगाळणाऱ्यांसाठी अथेन्सकडे शब्दापेक्षा परिणामकारक उपाय होता. लाल रंगात बुडवलेला दोर दोन्ही बाजूंनी धरून लोकांना सभेकडे हाकत. ज्याच्या कपड्याला रंग लागला तो पकडला गेला. ॲरिस्टोफेनिसच्या एका नाटकाच्या सुरुवातीलाच त्याचा उल्लेख आहे. आमच्या कोपरासभेत हा दोर सांगितला असता तर टाळ्या जास्त पडल्या असत्या.

मग ‘मत न देणारा तो इडियट’ ही गोष्ट इतकी पसरली कशी? ती पटते म्हणून. शब्दांच्या गावगप्पांचा हाच नियम आहे. मराठीतले याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘ढ’. अभ्यासात कच्च्या मुलाला ढ का म्हणायचे? तर म्हणे, ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत सगळी अक्षरे बदलली, एक ढ तेवढा जिथल्या तिथे राहिला. लिपीपुरते हे निरीक्षण खरेच आहे. अशोकाच्या लेखातला ढ आजच्या मुलालाही ओळखू येईल. पण ब्राह्मी लिपी पुन्हा वाचता आली ती १८३७च्या सुमारास, जेम्स प्रिन्सेपच्या हातून. ती विद्या अभ्यासकांपुरती राहिली, आणि ‘ढ’ हा शब्द शाळेच्या मागल्या बाकावरचा आहे. मागल्या बाकावर शिलालेख वाचून टोपणनावे ठेवत नाहीत. मला विचाराल तर ढब्बू, ढोर, ढोल, ढिला, ढेरपोट्या, ढम्म ही पंगत पाहावी. मराठीत ढ ने सुरू होणाऱ्या कितीतरी शब्दांत जाडी, जडपणा, पोकळ आवाज आहे. ‘मला त्यातले ढम्म कळत नाही’ म्हणणाऱ्याला ब्राह्मीची गरज पडत नाही.

असो. तर इदिओतेस लॅटिनमध्ये ‘इदिओता’ झाला आणि तिथे त्याचा अर्थ अशिक्षिताकडे झुकला. बायबलच्या नव्या करारात, ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात, पेत्र आणि योहान यांच्याबद्दल ग्रीक मूळ सांगते की हे दोघे निरक्षर आणि ‘इदिओताय’ आहेत हे पाहून धर्मसभेतले लोक चकित झाले. म्हणजे शास्त्र न शिकलेले, सामान्य. कोळ्याचा धंदा करणारे. मध्ययुगीन युरोपात लॅटिन न येणारा तो इदिओता, मग तो कितीही हुशार असो. निकोलस ऑफ क्युसा या जर्मन धर्मपंडिताने १४५० साली जे संवाद लिहिले त्यांचे नावच ‘इदिओता’ आहे. त्यातला इदिओता लाकडी चमचे कोरणारा कारागीर आहे, आणि तो पंडितांना ज्ञान म्हणजे काय ते शिकवतो.

इथे मराठी वाचकाला काहीतरी ओळखीचे वाटेल. संस्कृतात इदिओतेसचा जवळजवळ जुळा भाऊ आहे: ‘पृथग्जन’. पृथक् म्हणजे वेगळा, सुटा. पृथग्जन म्हणजे सुटा माणूस, सामान्य माणूस, आणि मग नीच, अडाणी माणूस. पालीत तोच ‘पुथुज्जन’. अमरकोशात हा शब्द शूद्रवर्गात ‘पामर’ आणि ‘प्राकृत’ यांच्या शेजारी ‘नीच’चा पर्याय म्हणून बसवला आहे. दोन दूरच्या संस्कृतींनी ‘आपला आपला असणारा माणूस’ इथून ‘कमी प्रतीचा माणूस’ इथपर्यंतची वाट स्वतंत्रपणे काढली, याचे मला अजून आश्चर्य वाटते. आणि पुढचे वळणही तसेच. अमरकोशाने ज्या ओळीत ‘पामर’ बसवला, ती ओळ वारकऱ्यांनी स्वतःहून मागून घेतली. शिंपी, कुंभार, माळी, चांभार, सगळे ‘आम्ही पामर’ म्हणत उभे राहिले आणि ‘प्राकृत’ हे तर त्यांनी आपल्या भाषेचेच नाव म्हणून मिरवले. चमचे कोरणारा इदिओता पंढरीच्या वाळवंटात सहज खपून गेला असता.

त्याच्याही आधी, तेराव्या शतकात, ऋद्धिपूरला गुंडम राऊळ होते. महानुभावांचे गोविंदप्रभू. गावाच्या लेखी ते वेडे होते: हसावे, रुसावे, कुणाच्याही घरी शिरून मागून खावे. आणि त्याच गावाच्या लेखी ते आईबापही होते. म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा जमवताना वेड झाकलेले नाही. भागवतातला जडभरत याच पंथातला म्हणावा लागेल. तो जडपणाचे सोंग घेऊन पालखी वाहतो आणि पालखीत बसलेल्या रहूगण राजालाच शेवटी खाली उतरून ऐकावे लागते.

हे सगळे वाचताना मन सुखावते. वेड्यांचा, पामरांचा किती मान राखला आपल्या परंपरेने! मीही काही दिवस त्या सुखात होतो. मग धर्मशास्त्राचा दायभाग वाचला.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात वाटणीतून कोणाला वगळायचे त्याची यादी आहे. मनूच्या नवव्या अध्यायातही आहे. त्यात जन्मांध आहे, उन्मत्त आहे, आणि ‘जड’ आहे. हाच तो जड. फक्त इथे पालखी नाही, जमीन आहे. याज्ञवल्क्याने दोन शब्दांत व्यवस्था लावली आहे: ‘भर्तव्य’ आणि ‘निरंशक’. पोसायचे, पण अंश द्यायचा नाही. बाराव्या शतकाच्या सुमारास, इथून फार लांब नसलेल्या कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यावर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. जड म्हणजे ज्याचे अंतःकरण विकल आहे, ज्याला हित-अहित ठरवता येत नाही तो, असा खुलासा त्याने केला. विज्ञानेश्वर दयाळू माणूस असावा. वाटणीनंतर औषधाने दोष गेला तर हिस्सा द्यावा, अशा माणसाचे मुलगे निर्दोष असतील तर त्यांना हिस्सा मिळावा, हेही त्याने मांडले आहे. पण निरंशक तो निरंशकच.

आता इंग्लंडकडे पाहा. तिथे ‘इडियट’ फ्रेंचमार्गे पोचला तेव्हा अडाणी हा अर्थ होताच, पण लवकरच तो कायद्याचा शब्द झाला. जन्मतः समज नसलेला तो इडियट; मधूनच वेड लागून पुन्हा ताळ्यावर येऊ शकेल तो ल्युनॅटिक. फरक का करायचा? जमिनीसाठी. ल्युनॅटिकची जमीन राजाने विश्वस्त म्हणून सांभाळायची आणि तो बरा झाल्यावर उत्पन्नासह परत करायची. इडियटच्या जमिनीचे उत्पन्न मात्र, त्याच्या पोटापाण्याचा खर्च वजा जाता, राजाने घ्यायचे. साहजिकच कोण इडियट आणि कोण नाही, हे ठरवण्यात राजाच्या खजिन्याला रस होता. सोळाव्या शतकात फिट्झहर्बर्ट या न्यायाधीशाने कसोटी लिहून ठेवली: ज्याला वीस पेन्स मोजता येत नाहीत, आईबाप कोण ते सांगता येत नाही, आपले वय सांगता येत नाही, तो इडियट.

आणि १८१० साली कलकत्त्यात हे दोन शब्द भेटले. हेन्री कोलब्रुकने मिताक्षरेतल्या दायभागाचे इंग्रजी भाषांतर छापले, कंपनीच्या न्यायाधीशांच्या सोयीसाठी. त्यात ‘जड’च्या जागी शब्द आला ‘इडियट’. अथेन्सचा खासगी माणूस आणि याज्ञवल्क्याचा निरंशक एकाच ओळीत बसले. तिथून तो आपल्या कायद्यातून लवकर हलला नाही. १९१२च्या लुनसी कायद्यात ल्युनॅटिकच्या व्याख्येतच इडियट होता. १९२८ साली हिंदू वारसा कायद्यातली अपात्रता काढून टाकणारा कायदा झाला. आंधळा, मुका, पांगळा, सगळ्यांना हिस्सा मिळाला, अपवाद राहिला तो जन्मापासून ल्युनॅटिक किंवा इडियट असलेल्याचा. तो अपवाद गेला १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने. त्याचे अठ्ठाविसावे कलम चार ओळींचे आहे आणि माझ्या मते त्या कायद्यातले सर्वांत कमी वाखाणलेले कलम आहे.

इथे आबा येतो.

तो माझ्या आजोबांचा चुलतभाऊ. आम्ही पोरं त्याला आबा म्हणायचो. गाव म्हणायचे, ‘ते खुळं’. त्याला नोटा रंगावरून ओळखू येत, मोजता येत नसत. विसापर्यंत आकडे म्हणताना बाराच्या पुढे तो हसायला लागे. फिट्झहर्बर्टच्या पहिल्याच प्रश्नाला तो नापास झाला असता. पण संध्याकाळी पाणंदीने गल्लीतल्या म्हशी परत येत, तेव्हा त्यांत एक जरी कमी असली तरी आबा जागच्या जागी उभा राही आणि मागे वळून बघत बसे. कोणती राहिली ते तो नावाने सांगे. प्रत्येक म्हशीला त्याने नाव दिलेले होते, मालकांना त्याचा पत्ता नसे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याच्या घरची वाटणी झाली. भाऊ तीन, वाटे दोन. ‘‘खुळ्याला रान घिऊन काय करायचंय? दोन येळचं जेवान मिळालं की झालं,’’ असे ठरले. जेवण मिळाले, हेही सांगितले पाहिजे. एक महिना या भावाकडे, एक महिना त्या. त्या दोघा भावांनी याज्ञवल्क्याचे नावही ऐकलेले नव्हते. भर्तव्य आणि निरंशक हे शब्द त्यांना कोणी सांगितले असते तर ते बिचकले असते. तरी अक्षरशः तेच त्यांनी केले. आणि बेकायदा केले असेही म्हणता येत नाही. १९२८चा कायदा लागू धरा किंवा जुने शास्त्र धरा, जन्मतः जड असलेल्याला हिस्सा नव्हताच.

दोन वर्षांपूर्वी मी त्या जमिनीचे जुने फेरफार काढले. आधीच्या वारस नोंदीत तीन नावे आहेत. आबाचे पूर्ण नाव, बापाच्या नावासह. पुढच्या, वाटपाच्या नोंदीत दोन. खाली तिघांची कबुली आहे, दोन सह्या आणि एक अंगठा. ‘खुळा’ हा शब्द कुठेही नाही. कायद्याला त्याला जड ठरवण्याची वेळच आली नाही, अंगठ्याने काम भागले. महसुलाच्या भाषेत अल्पवयीन मुलाला ‘अज्ञान’ म्हणतात आणि वयात आलेल्याला ‘सज्ञान’. आबा वयाने सज्ञान, म्हणून त्याचा अंगठा चालला. आता गंमत अशी की, ‘शहाणा’ हा मराठी शब्द कोशकार ज्या संस्कृत शब्दापासून काढतात तोही ‘सज्ञान’च. हिंदीतला ‘सयाना’ही तिथलाच. अंगठा घ्यायला आबा सज्ञान होता. हिस्सा द्यायला शहाणा नव्हता.

विसाव्या शतकाने इडियटचे काय केले ते थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेकांना माहीत आहे. १९१०मध्ये हेन्री गोडार्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने बुद्धीच्या उतरंडीत इडियट, इंबेसाइल आणि त्याने स्वतः ग्रीकवरून बनवलेला ‘मोरॉन’ असे तीन माठ रचले. शास्त्रीय म्हणून आणलेला तो शब्द बघता बघता गल्लीतली शिवी झाला. आपल्याकडे ‘मतिमंद’ हा शब्द जडबुद्धी वगैरेंपेक्षा सभ्य म्हणून आला; आज तो शिवी आहे. ‘गतिमंद’चे तेच झाले. ‘विशेष मूल’ हा शब्दप्रयोगही शाळेच्या मैदानात कसा उच्चारला जातो ते एकदा ऐकावे. शब्द बदलून माणसाकडे बघण्याची नजर बदलत नाही, नवा शब्द तेवढा मळतो.

पण सगळेच शब्द खाली जात नाहीत, आणि मला अधिक कुतूहल त्यांचे आहे. ‘मुह्’ हा एकच संस्कृत धातू. त्याची भूतकाळवाचक रूपे दोन होतात, पाणिनीने दोन्हींना परवानगी दिली आहे: मूढ आणि मुग्ध. अर्थ मुळात एकच, गोंधळलेला, भान हरपलेला. त्यातले मूढ मूर्खांच्या गावी गेले आणि मुग्ध मात्र काव्यशास्त्रात नायिका होऊन बसले. मोह आणि मोहन हेही त्याच घरातले. इंग्रजीत ‘सिली’ या शब्दाचे पूर्वज धन्य, भाग्यवान या अर्थाचे होते. जर्मन ‘झेलिश’ अजूनही त्या अर्थाने वापरतात. धन्य, मग निष्पाप, मग बिचारा, मग बावळा, अशा पायऱ्यांनी तो उतरला. आपला ‘भोळा’ अर्ध्या जिन्यावर उभा आहे. शंकराला लावला की वर, शेजाऱ्याला लावला की खाली.

‘बावळा’ आणि ‘बावळट’ यांचे मूळ तर पाहण्यासारखे आहे. संस्कृत ‘वातुल’, म्हणजे वाताने भरलेला, त्यापासून प्राकृत ‘वाउल’, हिंदी ‘बावला’, आणि आपला बावळा. बंगालचे ‘बाउल’ गायक याच घराण्यातले असे अनेक अभ्यासक मानतात. काहीजण ‘व्याकुल’कडे बोट दाखवतात. आणि इंग्रजी ‘फूल’? तो लॅटिन ‘फोलिस’पासून, म्हणजे लोहाराचा भाता. आत नुसता वारा. आमच्या गावच्या बोलीत हा वारा अजून जिवंत आहे: वासरू उधळले तर ते वारं प्यालेलं, आणि देवीचे अंगात आले तर वारं आलेलं. एकाच वाऱ्याने बंगालात बाउल गायला लागला आणि पुण्यात बावळट नापास झाला.

(परक्या भाषेतले मूर्खपणाचे शब्द आपण आधी शिकतो, हेही नोंदवण्यासारखे आहे. उचगावच्या शेजारी गांधीनगर. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती तिथे झाली. त्याआधी त्याच वळिवडे छावणीत पोलंडचे निर्वासित राहून गेले होते. गांधीनगरच्या कापडपेठेत कामाला जाणाऱ्या आमच्या गावच्या पोरांना सिंधी आकडे येण्याआधी ‘चरियो’ येतो. अर्थ विचारावा लागत नाही, मालकाच्या तोंडाकडे पाहिले की कळतो.)

आता खुळा. त्याच्या कोशातल्या अर्थापेक्षा त्याचे लिंग मला महत्त्वाचे वाटते. ‘तो खुळा आहे’ असे उचगावात क्वचित म्हणतात. म्हणतात, ‘ते खुळं हाय.’ वाढलेल्या, दाढी आलेल्या पुरुषाला नपुंसकलिंग. पोरगं, लेकरू, वासरू, खुळं, येडं: ही एक रांग आहे, आणि त्या रांगेत उभ्या असलेल्यावर माया करता येते, पण त्याला वाटा मागता येत नाही. ‘माझं खुळं गं ते’ असे आई म्हणते तेव्हा त्यात केवढा जिव्हाळा असतो! त्याच व्याकरणाने भाऊ आबाला म्हणत होते. ‘भर्तव्य’ आणि ‘निरंशक’ हे दोन शब्द आमच्या बोलीने एका अनुस्वारात बसवले आहेत.

म्हणून कोपरासभेतल्या त्या शेजाऱ्याचे वाक्य मला विसरता येईना. इडियट म्हणजे खुळं. ग्रीकाच्या हिशोबाने चूक. कोलब्रुकच्या हिशोबाने बरोबर.

आणि तरीही याच कोल्हापुरात याच शब्दाची सर्वांत मोठी शाबासकी आहे: ‘नाद खुळा’. पाहुणे ती टी-शर्टवर छापून नेतात. तिचा उगम कुणी विचारत नाही, कारण दोन्ही शब्द समोर दिसतात. नाद म्हणजे छंद, ध्यास, व्यसनाच्या अलीकडचे काहीतरी. कुस्तीचा नाद, फुटबॉलचा नाद, कबुतरांचा नाद. नादाने खुळा तो नादखुळा. आधी हे माणसाचे विशेषण असणार, आणि त्यात घरच्यांची तक्रारही असणार. आज ते माणसाचे राहिलेले नाही. रस्सा नाद खुळा, गाडी नाद खुळा, पाटाकडीलने मारलेला गोल नाद खुळा. खुळा झालेल्याकडून ते खुळे करणाऱ्या वस्तूकडे गेले. आणि व्याकरण बघा: मिसळ स्त्रीलिंगी, तरी ‘मिसळ नाद खुळी’ असे कोणी म्हणत नाही. गाणे नपुंसकलिंगी, तरी ‘नाद खुळं’ नाही. ते अव्यय झाले आहे, कुणाशीच जुळवून घेत नाही. मायबोलीचा अभिमान म्हणून या शब्दप्रयोगावर बरेच कौतुकाने लिहिले जाते. माझी शंका एवढीच आहे की, तो इतका वर चढला तो माणसापासून सुटला म्हणून. ज्याला खरोखर खुळं म्हणत, त्याला त्या चढण्याचा काही उपयोग झालेला दिसत नाही.

ही शंका मी लेखाच्या पहिल्या खर्ड्यात निष्कर्ष म्हणून लिहिली होती. मागच्या दिवाळीत ती थोडी ढिली करावी लागली.

पाडव्याला कोल्हापूर आणि आसपास म्हशींची सगर निघते. शिंगे रंगवलेल्या, कवड्यांच्या माळा आणि मोरपिसे बांधलेल्या म्हशी मालकाच्या मोटारसायकलमागून त्याच्या हाकेवर धावतात. पूर्वी मोटारसायकल नव्हती, माणूसच पुढे पळायचा. भावकीतल्या एका आजींना घेऊन मी बघायला उभा होतो. त्या नव्वदीच्या जवळ. लग्न होऊन गावात आल्या तेव्हा आबा ऐन उमेदीत होता. मी सहज विचारले, आबा सगरीत असायचा का?

‘‘आसायचा म्हंजी?’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्येच्या हाकंबिगार म्हस हालायची न्हाई. रातभर जागून शिंगं रंगवायचं. दुसऱ्याच्या म्हशींची. त्येची कुठं हुती म्हस!’’

मग थोडा वेळ थांबून, ‘‘खुळं न्हवतं रं ते. म्हशींचं नादखुळं हुतं.’’

नपुंसकलिंगी, षष्ठीसह, माणसाला लावलेले. मी जे रूप कोणी म्हणत नाही असे लिहून ठेवले होते, ते माझ्यापुढे उभे होते. टी-शर्टवरच्या अव्ययाच्या आधीचा हा प्रयोग असावा, असे मला वाटते. नाद आधी, तो कशाचा ते सांगणारी षष्ठी त्याआधी, आणि खुळेपण सगळ्यांत शेवटी. मी खिशातली वही काढली. आजींनी विचारले, काय लिहितोस? मी म्हणालो, तुम्ही बोललात ते. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की तो शब्द त्यांना उच्चारावा लागला नाही, आणि पुन्हा म्हशींकडे बघायला लागल्या.